सहा किलो ईथरात

१२ जानेवारी, सकाळ
उशिरा लिहायला घेतलं, माफी असावी. रोजनिशी एक तारखेपासून लिहायची होती, पण काय लिहावं ते सुचेना. आता सुचलं. माझं वजन उतरतंय. दिवाळीपासून सहा किलो. हर्सूल नाक्यावरच्या मेडिकलचं मशीन खोटं असेल म्हणून भंगारवाल्याच्या काट्यावरही उभा राहिलो. तेच. पायजमा नाडी आवळूनही खाली येतो. घाबरलेलो नाही.

१३ जानेवारी
कारण सापडलं. मोबाईलवर एका माणसानं समजावून सांगितलं. सगळीकडं ईथर नावाचं न दिसणारं द्रव्य भरलेलं आहे आणि वस्तू म्हणजे त्या ईथराला बसलेली गाठ. दगड, ज्वारी, माणूस, सगळं असंच जन्मलं. गाठ घट्ट तोवर वजन. म्हणजे माझी गाठ सुटत चाललीय. पूर्ण सुटली तर? व्हिडिओ तिथंच संपला.
नात प्रांजली बी.एस्सी.ला आहे. म्हणाली, आबा, ईथर शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वीच मोडीत काढलं. मी म्हटलं, मलाही बाजार समितीनं रिटायर केलं, म्हणून मी नाही का? ती पुस्तक उचलून आत गेली. मुद्दा पटला.
ठराव: पाणी भरपूर पिणे (तशी तहानही लई लागते). तिळाचे लाडू रोज चार. गाठ आवळेल.

१७ जानेवारी
लाडू वाढवले. वजन आणखी उतरलं. बानाबाई म्हणते, मोरीत तुमच्या लघवीला मुंग्या लागल्यात, छावणीतल्या डॉक्टरकडं चला. बायकोला कसं सांगावं, डॉक्टर शरीर बघतो, हा पदार्थाच्या उत्पत्तीचा प्रश्न आहे. शिवाय डॉक्टर आजाराचं नाव सांगतो. नाव कळलं की झोप जाते.

१९ जानेवारी
लासूर स्टेशनच्या बाजारात जन्मभर मापाडी होतो. एका पोत्यात कमी भरलं तर शेजारच्या पोत्यात जास्त निघतंच. शेजारी कोण? बानाबाई. गोड बोलून तिला मशीनवर चढवलं. मागच्या खेपेपेक्षा दोन किलो जास्त! मी समजावलं, माझा पदार्थ ईथरातून तुझ्याकडं येतोय, तुझा दोष नाही.
"तुमचं वजन घेऊन मी काय लोणचं घालू?" म्हणाली.
खाट गॅलरीत टाकली. थंडी आहे. पण सुरक्षित.

२३ जानेवारी
गॅलरी पुरेशी लांब नाही. बानाबाईला लेकीकडं, तनुजाकडं, लासूरला पाठवायचं ठरवलं. शास्त्रासाठी. ती म्हणाली, आधी डॉक्टर, मग जाते. मी म्हटलं, आधी जा, मग डॉक्टर. तिनं पिशवी भरली. जिन्यात थांबली.
"माणूस झिजायला लागलं की घरचं माणूस जवळ लागतं. तुम्हाला लांब लागतंय. बरं."
मी पंख्याकडं बघत बसलो. प्रयोगात भावना चालत नाहीत.

२९ जानेवारी
वजन पुन्हा कमी. ती इथं नसताना! रेल्वेचे रूळ लोखंडी, लासूरपर्यंत सलग, त्यातून ईथर ओढलं जात असेल. प्रांजलीनं पूर्ण ऐकलंच नाही. म्हणाली, "आबा, आजी तिकडं नीट जेवत नाय. आत्या सांगत होती, तीपण वाळलीय."
दोन्हीकडं घट. मग माल गेला कुठं?
अक्षर थंडीमुळं वाकडं आलंय.

३१ जानेवारी, दुपार
प्रांजलीनं ओढतच छावणीला नेलं. डॉक्टरनं बोट टोचलं. मी ईथरचं सुरू केलं, तर म्हणाला, जीभ दाखवा. मग प्रांजलीला सांगितलं, शुगर फार वाढलीय, गोड आजपासून बंद, सोमवारी उपाशीपोटी आणा, किडनी तपासू. माझ्याकडं बघितलंही नाही.
घरी आल्यावर बानाबाईला फोन केला. उचलत नाही. तनुजाला लावला. ती म्हणाली, आई शेजारीच बसलीय, बोलत नाही म्हणते, काय सांगू? नंतर करतो म्हणून ठेवला.
बाना, सोमवारी काय निघेल कुणास ठाऊक. मी घाबरलोय. येतेस की नाही, एवढा निरोप तनुजाकडून तरी धाड. सोमवारच्या आधी.