थेल्माची अट आणि दोनचा पत्रा

क्लेगब्रिज,
एप्रिलअखेर, रविवार

स्टेनशॉनिवासी मेहुणे डेरिक होल्रॉइड यांस रेमंड सटक्लिफचा कोपरापासून नमस्कार.

आपली प्रकृती ठणठणीत आहे हे मला ठाऊक आहे, त्यामुळे विचारत नाही. गेल्या रविवारी आमच्याच रग्बीच्या मैदानावर, पाहुण्यांच्या कोपऱ्यात उभे राहून आपण ज्या आवाजात गात होतात तो काही आजारी माणसाचा आवाज नव्हे. आपल्या मंडळींचे गुडघे कसे आहेत? त्यांना माझा साधा नमस्कार सांगावा, कोपरापासून नव्हे. मी बरा आहे. सकाळी उठतो, दोन कप चहा करतो, एक पितो, एक मोरीत ओततो. रस्त्यात तुमच्या गावचं कुणी दिसलं की पलीकडच्या फुटपाथवर जातो. एकंदरीत दिनक्रम व्यवस्थित आहे.

आता हे ‘आपण’ पुरे. तुझ्या लग्नात तुझी टाय मी बांधली होती आणि तुझ्या बहिणीबरोबर सारा जन्म काढला, तेव्हा ‘तू’च म्हणतो. थेल्माच्या अंत्यविधीला आपण भेटलो तेव्हा तू हवेबद्दल बोललास आणि मी सँडविचबद्दल. एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली, ती आज सांगतो, म्हणजे गेल्या रविवारी तू नेमकं कशावर गात होतास ते तुला कळेल.

तुझी बहीण कशी होती हे मी तुला सांगायला नको. लग्नात पाद्र्यासमोर तिने सगळं कबूल केलं, फक्त मफलर सोडला नाही. क्लेगब्रिजच्या मैदानाच्या पायऱ्यांवर, आमच्या लाल-पांढऱ्या गर्दीच्या मधोमध, तुमच्या क्लबचा तो पिवळा-काळा गांधीलमाशीछाप मफलर घालून ती वर्षानुवर्षं माझ्या शेजारी उभी राहिली. (सुरुवातीला लोक तिला शिव्या द्यायचे. पुढे ते तिला आमच्या खेळाडूंना शिव्या द्यायला बोलावू लागले, कारण तिच्याइतक्या नेमक्या कुणालाच जमत नव्हत्या.) दोन्ही गावांत रीत एकच आहे, जुन्या निष्ठावंताची रक्षा त्याच्या क्लबच्या गोलच्या खांबांखाली जाते. मी धरून चाललो होतो की थेल्मा आमच्या खांबांखाली जाईल आणि यथावकाश मीही तिथेच जाईन. नोव्हेंबरात दवाखान्यात मी तसं बोलून गेलो. ती उशीवरून म्हणाली, “हे बघ, तुझी टीम वरच्या श्रेणीत राहिली तर ठेव मला तुझ्या खांबाखाली, मी हूं की चूं करणार नाही. खाली घसरली तर मला माहेरी नेऊन टाक. जन्मभर तुझ्याबरोबर हरले. मेल्यावर दुसऱ्या श्रेणीत नाही बाई राहायची.” नर्स हसली. मीही हसलो आणि हो म्हणालो. त्या दिवशी आम्ही तक्त्यात सहावे होतो, डेरिक. सहाव्या नंबरावर असताना माणूस काहीही कबूल करून बसतो.

डिसेंबरात थेल्मा गेली, आणि आमचा क्लब तिच्या पाठोपाठ निघाला.

पहिलं श्रेय अध्यक्ष ग्लेडहिल यांचं. गालिच्यांचा दुकानदार, त्याला प्रत्येक गोष्ट गुंडाळून ठेवायची सवय. त्याने क्लबचे होते नव्हते ते पैसे घालून एक ऑस्ट्रेलियन आणला. डॅरिल नाव. सगळ्यांच्या मागे एकट्याने उभं राहून उंच आलेले चेंडू झेलायचे, एवढंच त्याचं काम. चेहरा उन्हात भाजलेला, दात पांढरेशुभ्र. पहिल्याच दिवशी आमचं मैदान बघून त्याने विचारलं, “हे शेत कुणाचं?” जानेवारीत तो अर्ध्या विजारीखाली बायकांचे पायमोजे घालून खेळायला लागला, तेही दोन-दोन. उंच चेंडू आला की तो काखेत हात घालून वर बघायचा, झेलायला नव्हे, पाऊस येतोय का ते बघायला. मग एक दिवस आजी वारली म्हणून मायदेशी गेला तो गेलाच. त्यानंतरच्या आठवड्यात त्या आजीचं क्लबच्या पत्त्यावर पार्सल आलं, आत तिने स्वतः विणलेला स्वेटर. (तो आता पर्सी घालतो. पर्सी म्हणजे आमच्याकडे गुणफलकावर आकडे टांगणारा. त्याच्याकडे मी येतोच आहे. त्याच्याकडे यायची मला भयंकर इच्छा आहे.)

जानेवारीत मैदान गोठून दगड झालं. मग नेहमीप्रमाणे गावाला हाळी गेली. या, पेंढा पसरा, मध्येमध्ये कोळशाच्या शेगड्या पेटवा. आम्ही म्हातारे आदल्या दिवसापासून पेंढा टाकत होतो. गवत जळू नये म्हणून शेगड्यांच्या बुडाशी काहीतरी पत्रा हवा होता, तर चिटणीस साहेबांनी गुणफलकाच्या खोलीतून आकड्यांचे पत्रे काढून दिले. पत्र्यांनी गवत वाचवलं. पेंढा मात्र वाऱ्याने शेगडीत गेला, मग शेगडीतून पेंढ्यात आला, आणि आमची निम्मी पलीकडची बाजू होळीसारखी पेटली. बंब आला. बंबवाल्यांनी जे पाणी मारलं ते रातोरात गोठलं, आणि आधी नुसतं कडक असलेलं मैदान आरशासारखं झालं. सामना पुढे गेला, पुढे गेलेला सामना आम्ही हरलो, आणि दोनच्या आकड्याचे पत्रे जळून वाकडे झाले, एकच शाबूत राहिला. पर्सीला मी तेव्हाच म्हटलं होतं की नवीन रंगवून घे. तर म्हणतो, “दोन्ही बाजूंना एकदम दोनचा आकडा कधी लागणारे, रेमंड? आपले लोक तेवढे गुण करतात का?” बिनतोड मुद्दा होता.

थेल्माला मी दर सामन्याला नेत होतो, हेही सांगून टाकतो. तिच्या रक्षेची बरणी बाजाराच्या पिशवीत घालायची, वर तिचा मफलर, आणि आमच्या जागी कठड्याला पिशवी अडकवायची. फाटकावरचा आर्नल्ड पहिल्या वेळी म्हणाला, “बाईंना इकडे कुठे? त्या पाहुण्यांच्या बाजूच्या.” मग टोपी काढली, आणि पुढे कधी काही बोलला नाही. आमच्या पायऱ्यांवरचे सगळे पिशवीला ‘काय थेल्मा’ म्हणून हाक मारून जात. हरलो की घरी येताना पिशवी जड वाटायची. तीच पिशवी, तेवढीच बरणी. तिच्या अटीबद्दल मी कुणाला अवाक्षर बोललो नव्हतो. फक्त दर आठवड्याला तळाचे चार क्लब वाचायचो आणि मनात म्हणायचो, अजून राहील, अजून राहील.

मार्चमध्ये आम्ही लागोपाठ तीन सामने जिंकलो. माणसाला हरवायचं असेल तर हरवावं; पण असं मध्ये जिंकून दाखवू नये. त्या तीन आठवड्यांत मी खांबांखालची जागासुद्धा निवडली, डाव्या हाताची, जिथे थोडं ऊन येतं.

मग तुम्ही आलात. शेवटचा सामना, आणि आम्हाला वरच्या श्रेणीत राहायला बरोबरी पुरे होती.

तू दुसऱ्या टोकाला होतास, म्हणून इकडचं सांगतो. शेवटाकडे बारा-बारा झाले. दोन्ही बाजूंना दोनचा आकडा. पर्सीकडे दोन एकच. त्याने तो तुमच्या नावापुढे लावला आणि आमच्या नावापुढे तीन टांगला. नंतर मी त्याची गचांडी धरली तेव्हा म्हणाला, “पाहुण्यांना खरा आकडा द्यावा. घरच्यांना काय, माहीतच असतं.” घरच्यांना माहीत होतं, पण आमच्या कप्तानाला नव्हतं. बर्नार्डला पूर्वार्धात तुमच्या त्या रेड्याने खांदा मारला होता; त्यानंतर त्याला लिहिलेलं असेल तेवढंच कळत होतं. बरोबर खांबांसमोर आम्हाला दंडाची, दोन गुणांची किक मिळाली. एखाद्या आजीनेही टोपी न काढता मारली असती अशी. सगळ्या पायऱ्या ओरडत होत्या, “मार, मार!” बर्नार्डने फलक बघितला, तेरा-बारा, आपण पुढे आहोत, आणि शहाण्यासारखा चेंडू पोटाशी धरून वेळ काढायला लागला. तिसऱ्या धडकेला चेंडू सुटला. तुमच्या त्या बुटक्याने पळता पळता पायाने उडवला, खांबाला लागून आत गेला, एक गुण. पर्सीने तुमचा दोन काढून तीन टांगला. तेरा-तेरा. आणि शिट्टी झाली.

बर्नार्डने हात वर केले. आमचे सगळे खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले, दोघांनी तर तुमच्या लोकांना मिठ्या मारल्या. मला खरा हिशोब ठाऊक होता, डेरिक. मी एकही गुण कधी चुकवलेला नाही. पण मी फलक बघितला, तेरा-तेरा, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. पिशवीवर हात ठेवून मी म्हटलं, “राहिलीस गं.” मोठ्याने म्हटलं. आर्नल्डने ऐकलं.

मग, आता दोन मोकळा झाला म्हणून, पर्सीची ती आजीच्या स्वेटरमधली आकृती शिडी ओढत आमच्या बाजूला आली, वर चढली, तीन काढला, आणि दोन लावला.

तेव्हा तुम्ही गायला लागलात. ‘खाली चालले, खाली चालले.’ तुझा आवाज मला त्या गर्दीतूनही ओळखू आला, तुझ्यात आणि तिच्यात तो एकच आहे. तू बहिणीला माहेरी नेणारं गाणं म्हणत होतास आणि तुला पत्ता नव्हता. म्हणून तुला शिव्या देण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं होतं, आणि बघतो तर शिव्या पर्सीवरच खर्च झाल्या.

असो. या पत्राला उत्तर पाठवू नये. आमच्या गावाला तुमच्या गावाशी काही देणंघेणं उरलेलं नाही, आणि मी स्टेनशॉमध्ये ह्या जन्मी पाऊल ठेवणार नाही.

कळावे, लोभ नव्हताच,
रेमंड सटक्लिफ

ता. क. — तुमच्या मैदानाचा माळी तुझ्या ओळखीचा आहे ना? मे महिन्यात नवीन बी टाकतात त्याच्या आत एकदा विचारून ठेव. नदीकडचे खांब हवेत, लहानपणी ती तिथे उभी राहायची. तू सांगशील त्या दिवशी मी तिला घेऊन येईन. दिलेला शब्द आहे.

आणखी ता. क. — पुढच्या हंगामात तुझ्या शेजारी कठड्याला एका माणसाची जागा धरून ठेव. तुमच्यासाठी येत नाही, तिच्यासाठी येतोय. टाळ्या वाजवणार नाही. मफलर घालणार नाही. (तिचा बरोबर असेल, फारच थंडी पडली तर बघू.)

शेवटचं ता. क. — चमचाभर मी मागे ठेवणार आहे, चहाच्या डब्यात. पुढच्या वर्षी आम्ही वर आलो तर डाव्या खांबाखाली. हे थेल्माला सांगू नकोस.