तीन लिटरला एक बाटली

चाचा, उद्या सकाळी तुमचा मुलगा माझ्याकडे येणार आहे आणि ती मोटरसायकल खोलणार आहे. नऊ वर्षं मी तिला कोणाला हात लावू दिला नाही. घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ती उभी आहे, किक अजून खाली जात नाही. काल अहेरीच्या बाजारात तो भेटला. हातात कांद्याची पिशवी होती, घाईत होता, तरी थांबला आणि म्हणाला, "भाऊ, अब्बाचं शेवटचं काम हाय तिच्यात. एकदा पाहू द्या मले, काय चुकलं त्याईचं." गाडी न दाखवण्याची सगळी कारणं आजवर सांगून संपली होती. मी ये म्हणालो, आणि तेव्हापासून मला धड जेवण गेलेलं नाही.

मी ती चंद्रपूरला एका खाणीतल्या माणसाकडून घेतली तेव्हाच ती दहा वर्षांची होती. साडेतीनशे सीसी, दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर, आणि ब्रेक नावापुरते. मला पाच वाजायच्या आत बातम्यांचं पाकीट पेपरच्या चंद्रपूरच्या कार्यालयात पोचवावं लागायचं आणि एसटीच्या भरवशावर ते होत नव्हतं, हे मी घरी सांगितलेलं कारण. खरं कारण, ती तुमच्या गॅरेजात आणली त्या पहिल्याच दिवशी तुम्ही ओळखलंत. गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणालात, "ही म्हशीसाठी नाई थांबत बाबू. म्हशीलेच आधी सांगून ठेव." मग तुम्ही तिचा ऑइल पंप काढून बाजूला ठेवलात. त्या पंपाची वायर कधी अडकेल याचा नेम नसतो आणि जंगलात ती कोण दुरुस्त करणार, म्हणून तुमच्याकडच्या प्रत्येक टू-स्ट्रोक गाडीचं तेल तुम्ही थेट पेट्रोलमध्ये टाकायला लावायचात. मला तुम्ही खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन दिलीत. तीन लिटरला एक बाटली. टाकायची, झाकण लावायचं, आणि गाडी दोन्ही हातांनी धरून दहा वेळा डावी-उजवीकडे झुलवायची. एकदा मी न झुलवताच चावी लावली तर तुम्ही ती काढून खिशात घातलीत आणि भर गिऱ्हाइकांत मला अर्धा तास बाकड्यावर बसवून ठेवलंत. तिशीतला माणूस मी, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा बसलो होतो. त्या अर्ध्या तासात तुम्ही मला खराब झालेले दोन पिस्टन दाखवलेत. फिटिंग घट्ट झालं, म्हणजे मिस्त्रीचा हात चुकला, तर ओरखडे चार ठिकाणी पडतात. तेल नसलं तर पिस्टन चहूबाजूंनी घासतो आणि खालची बेअरिंगही कोरडी निघते. इंजिन खोललं की सगळं वाचता येतं, असं तुम्ही म्हणाला होतात. तुमच्या मुलालाही ते वाचता येतं. त्यालाही तुम्हीच शिकवलंत.

नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस. तुम्ही गॅरेजच्या पायरीवर छातीला हात लावून बसला आहात. अंगाला घाम, ओठ पांढरे. डॉक्टर म्हणतात, आत्ताच्या आत्ता चंद्रपूर. गावातल्या सगळ्या जीपा निवडणुकीच्या कामाला गेलेल्या, दुपारची एसटी निघून गेलेली, तुमचा मुलगा सिरोंचाला कुणाचं तरी डिझेल इंजिन दुरुस्त करायला गेलेला. चाची दारात उभी राहून माझ्याकडे पाहते आहे. तुम्हीच म्हणता, "तुही गाडी काढ." आदल्याच महिन्यात तुम्ही तिचे सिलिंडर आतून कातून, बोअर करून, नवे पिस्टन बसवले होते. चाची तुमचा दुपट्टा तुमच्या कमरेभोवती आणि माझ्या पोटाभोवती फिरवून गाठ मारते, आणि आपण निघतो.

आलापल्लीला टाकी रिझर्व्हला आली. दुकानातून बाटल्यांतलं तीन लिटर पेट्रोल घेतलं, तुम्हाला खाली न उतरवता बसल्या बसल्याच ओतलं आणि निघालो. तेलाची भरलेली बाटली डाव्या बाजूच्या डब्यात होती. मी विसरलो, चाचा. इथपर्यंतचं मी कुणालाही सांगू शकलो असतो. घाबरलेला माणूस विसरतो, आणि तुमच्या घरच्यांनी मला माफही केलं असतं.

पुढे सागाच्या जंगलातला सरळ रस्ता. गाडी अशी पळत होती की मला वाटलं, आपण पोचतोच. तुमचं डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं होतं. आष्टी अजून बरीच लांब असताना तुम्ही मान वळवून मागे पाहिलंत आणि माझ्या कानाशी बोललात, "काऊन रे, धूर नाई दिसून राह्यला? तेल टाकलं ना?"

त्याच क्षणी मला आठवलं. थांबायचं, डबा उघडायचा, बाटली ओतायची, गाडी झुलवायची. तुम्हाला सोडवून खाली बसवावं लागलं असतं. पाच मिनिटं, फार तर सात. मला ती मिनिटं जास्त वाटली, आणि तुमच्यापुढे चूक कबूल करायची लाज त्याहून जास्त वाटली. एवढं अंतर काढेल, आष्टीला टाकू, असा हिशोब मी केला. "टाकलं, चाचा," मी म्हणालो.

थोड्याच वेळात इंजिन जाम झालं. मागचं चाक घासत गेलं, तुम्ही पाठीमागून "क्लच दाब" म्हणालात, म्हणून आपण पडलो नाही. तुम्हाला सागाच्या बुंध्याला टेकवलं. बांबूचा ट्रक यायला पाऊण तास गेला. ट्रकवाल्यानं तुम्हाला आत घेताना, गाडीला काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तुम्हीच बोललात, "माह्या हातचं काम. कच्चं राह्यलं." नदीच्या पुलाआधीच तुम्ही गेलात.

ते वाक्य मी तुमच्या मुलाला सांगितलं. शब्द न् शब्द, जसंच्या तसं. त्याआधी टाकीतलं बिनतेलाचं पेट्रोल मी नालीत ओतून दिलं होतं. त्यानं त्या दिवसापासून बोअरचं काम बंद केलं. इंजिन आलं की चंद्रपूरला पाठवतो, स्वतः ब्रेक आणि पंक्चर तेवढं करतो. गिऱ्हाइकं चेष्टा करतात, मिस्त्रीचा पोरगा आन् पंक्चर काढून राह्यला. तो हसतो. बापाचा हात चुकला तर आपलाही चुकेल, असं चाचीजवळ एकदा बोलला होता, आणि चाचीनं ते मला सांगितलं, चहा गाळता गाळता. मी चहा प्यालो आणि घरी आलो.

तुम्हाला खरंच तसं वाटलं, की कळूनही तुम्ही माझ्यासाठी ते वाक्य बोललात, हे मला आजही माहीत नाही. रोज वेगळं उत्तर मिळतं आणि दोन्ही सोसवत नाहीत. दुसऱ्यांच्या चुका वेळेत लिहून पोचवण्यात माझी उमर गेली. हे एक पाकीट मात्र मला कुठे पोचवायला जायचं नाही. ते घेणारा माणूस उद्या माझ्या दारात येईल, आणि त्याला तोंडानं सांगायचं बळ माझ्यात आहे की नाही हे मला ठाऊक नाही. पिस्टन त्याला सांगेलच. आधी मी सांगायला हवं, एवढं कळतं.

तुम्ही दिलेली औषधाची बाटली नऊ वर्षं त्याच डब्यात होती, गळ्यापर्यंत भरलेली. हे लिहायला बसण्याआधी मी शेडमध्ये जाऊन, उद्या त्याच्या नजरेस पडू नये म्हणून, ती काढून आणली. ती माझ्यासमोर टेबलावर आहे, आणि परत जागेवर ठेवायला मी अजून उठलेलो नाही.