शाळा नेमकी कुठे सुरू झाली, त्याची हकिगत

प्रिय भरतदादा,

सप्रेम नमस्कार. (माझ्याहून जेमतेम वर्षाने मोठ्या असलेल्या आतेभावाला मी एरवी नमस्कार करत नाही. आज करते आहे, यावरून काय ते समज.) अंकितावहिनीचा गुडघा कसा आहे? ओमची परीक्षा झाली का? तुझं बीपी सध्या काय म्हणतंय? सकाळची गोळी घेतली नसशील तर आधी घे, मग पुढे वाच. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस. पत्रात मध्ये बोलता येत नाही, हा पत्राचा फार मोठा गुण, आणि लोक तो विसरत चालले आहेत.

तर आपल्या हायस्कूलला पन्नास वर्षं झाली. समारंभ ठरला, स्मरणिका ठरली, आणि शाळेचा इतिहास मी लिहायचा असंही माझ्या अपरोक्ष ठरलं. (इतिहासाचे सर म्हणाले, त्यांचा इतिहास १८१८ला संपतो.) खरं सांगते, मला आतून बरं वाटलं. ज्या वर्गात शिकले त्याच वर्गात मी आता मराठी शिकवते, पण त्या भिंतींकडे निवांत बघणं कधी झालंच नव्हतं. वाटलं, पावसाळ्यात पन्हळीखाली चिखलाचे पाय धुवायला लागणारी रांग लिहावी. बाकाखालून फिरणारे कैरीचे तुकडे लिहावेत. आठवीत तू व्हरांड्यात इतक्या नेमाने ओणवा असायचास, की नवी मुलं तुला शिपाई समजून घंटा कधी होणार ते विचारायची, तेही लिहावं. पण इतिहासाला पहिलं वाक्य लागतं, आणि तिथेच माझा पाय घसरला.

आज शाळा सडकेवर आहे, गावाच्या दोन वाड्यांच्या, म्हणजे वरच्या आणि खालच्या कोंडाच्या, बरोबर मध्ये. पण इमारत होण्याआधी ती भरायची कुठे? वरच्या कोंडातले चांगूभाऊ म्हणाले, आमच्या गोठ्यात, माझ्या बापाने जागा दिली. मी भाबडेपणाने तसं लिहिलं. हेडसरांनी ते पान ‘माहितीस्तव’ म्हणून गावच्या ग्रुपवर टाकलं. (त्यांची बदली साताऱ्याकडून झाली आहे. आपल्याकडे माहितीस्तव असं काही नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.) चहाच्या वेळेला खालच्या कोंडाचे हैबतीकाका माझ्या दारात.

“बाई, गोठ्यात म्हसरं भरतात. शाळा आमच्या देवळात भरली. घंटा माझ्या बापानं बांधली हाय.”

मागोमाग चांगूभाऊ आलेच. “ती आरतीची घंटा रे! ती वाजली म्हणून शाळा भरली म्हणशील, तर मग रोज संध्याकाळीबी शाळाच भरत व्हती काय?”

पहिल्या तुकडीतलं गावात आता कुणी उरलेलं नाही. जे आहेत ते मुंबईत, आणि त्यांची आठवण आपापल्या कोंडाच्या मुंबई मंडळाने बैठक घेऊन एकमताने ठरवून दिलेली.

इथवर गंमत होती. पण समारंभात नारळ फोडायचा मान कुणाचा, तर जिथे शाळा जन्मली त्या कोंडाचा, असं निघालं. मान म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं, ते तुला मी काय सांगू! शिमग्यात पालखी आधी कुणाच्या अंगणात, यावरून आपल्या आजोबांनी सख्ख्या साडूशी बोलणं टाकलं होतं. हैबतीकाकांनी जाहीर केलं, नारळ वर गेला तर खालच्या कोंडाची पोरं शहरातल्या इंग्रजी शाळेत जातील, व्हॅनवाल्याशी बोलणं झालंय. चांगूभाऊंनी तोच व्हॅनवाला गाठला. दादा, आमची आठवी आधीच बेताची. एक कोंड गेला की वर्ग गेला, पुढच्या वर्षी नववी, त्याच्या पुढे दहावी, आणि मग ती इमारत मतदानापुरती उघडायची.

मुलांना घरून हुकूम सुटला, वेगळ्या रांगांत बसा. खालचा साहिल आणि वरची दिशा यांच्यात कंपासपेटी एकच, त्यामुळे भूमितीच्या तासाला कोनमापक वर्गात पाखरासारखा उडू लागला. कबड्डीच्या संघात चढाई करणारे सगळे वरचे आणि पकडी करणारे सगळे खालचे. दोन्ही कोंडांनी आपापला संघ काढला, तर एकाला धरणं माहीत नाही आणि दुसऱ्याला जाणंच माहीत नाही.

मी तोडगा काढला. लिहिलं, ‘शाळा एकाच वेळी दोन्ही ठिकाणी सुरू झाली.’ चांगूभाऊंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “मास्तर येकच व्हता बाई. तो काय मधोमध फाडला व्हता?”

शेवटी ठरलं, देवीला कौल लावायचा. इतिहासाच्या साधनांत कौल कुठे बसतो, हे मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं, पण मंगळवारी सकाळी मीही देवळात उभी होते. गुरवाने मूर्तीला फुलं लावली. उजवं पडलं तर होकार. वरच्यांनी विचारलं, शाळा आमची काय? उजवं पडलं. खालच्यांनी विचारलं, आमची काय? पुन्हा उजवंच. (सकाळच्या पहिल्या तासाला गुरुत्वाकर्षण शिकवून आलेले हेडसर दोन्ही वेळा डोळे मिटून हात जोडून उभे.) गुरव म्हणाला, “देवी म्हणते, तुमचं तुम्ही बघा.”

तेव्हा मला तुझी आई, म्हणजे माझी आवडीआत्या आठवली. लेक वरच्या कोंडाची, सून खालच्या कोंडाची, आणि या शाळेत नाव घातलेली गावातली पहिली मुलगी. तिचा शब्द दोन्हीकडे चालतो, असं माणूस आता दुसरं नाही. तर दादा, विनंती एवढीच की तिला चार दिवस इकडे पाठव. तुझं म्हणणं मला माहीत आहे. आई विसरते, चुलीवर दूध ठेवून शेजारी गेली, म्हणून तू तिला डोंबिवलीला नेलंस. तुझी काळजी खोटी नाही. तरी वहिनीशी बोल, शांतपणे विचार कर आणि कळव.

तुझी,
वैशाली

ता. क. : कळवायची घाई नाही. आत्या आलेली आहे. तू समजतोस तशी ती ठाण्याला तुझ्या बहिणीकडे, रेश्माकडे नाही. रेश्मानेच तिला पनवेलला महाडच्या गाडीत बसवलं, आणि महाडच्या स्टँडवर मी उभी होते. परवा तुझ्या फोनमध्ये कोंबडा आरवला, तो रेश्माच्या सोसायटीतला नव्हता. रेश्मावर ओरडू नकोस, कल्पना माझी होती. (माझ्यावर ओरडलास तरी चालेल, पण पत्राने.)

आणखी एक ता. क. : भांडण मिटलं. देवळात बैठक बसली, आत्या पदर खोचून उभी राहिली. म्हणाली, “गोठा कुणी दिला नाय नि देऊळ कुणी दिलं नाय. वरचे म्हणाले, म्हशी बुजतील. खालचे म्हणाले, पाढ्यांच्या गलक्यात देवीला झोप यायची नाय. माझ्या बापानं मास्तराला हाकलला, माझ्या सासऱ्यानंबी हाकलला. तो बिचारा पोरं घेऊन मधल्या बांधावर बसला, म्हणून शाळा मध्ये हाय. आता कुणाला मान पायजे त्यानं हात वर करा.” तिने आधी स्वतःच्याच माणसांना नावं ठेवली, त्यामुळे रागवायचं कुणी आणि कसं! चांगूभाऊ हैबतीकाकांकडे बघतात, हैबतीकाका चपलांकडे. शेवटी हैबतीकाकाच म्हणाले, “आपलं चुकलंच म्हणायचं मग.” आता दोन्ही कोंड मिळून शाळेच्या पायरीवर गाऱ्हाणं घालणार आहेत, लेकरं चुकली, सांभाळून घे म्हणून. नारळ आठवीतली मुलं फोडतील. व्हॅनवाल्याला दोघांनी वेगवेगळे फोन करून नाही सांगितलं. स्मरणिका छापायला गेली.

शेवटचा ता. क. : देवळातून घरी येताना मी विचारलं, आत्या, तो बांध कुठला गो? ती म्हणाली, “मला काय ठावं? मी शाळेत गेले तवा चांगल्या चार भिंती व्हत्या. पण काय गो, मिटलं ना?” म्हणजे पहिल्या पानावर जे छापलं जातंय त्यातलं एक अक्षरही खरं नाही, आणि दोन्ही कोंडांना पटलेलं आमच्या इतिहासातलं तेवढंच एक पान आहे. तिला शिमग्यापर्यंत इथेच राहायचं आहे. तिच्या गोळ्या, जाड भिंगाचा चष्मा आणि हिरवी साडी मंडळाच्या रविवारच्या गाडीतून पाठव. तू न्यायला येऊ नकोस. हे सगळं पत्र मी तिला वाचून दाखवलं. खोट्याचा मजकूर आला तशी ती म्हणाली, “तेवढं खोडून टाक गो. भरतला वाटंल, आयशीचं डोकं काय ठिकाणावर नाय.”

मी खोडलेलं नाही. तू पुन्हा एकदा नीट वाच.