मामाच्या दाराचं हँडल

३ एप्रिल

पोचलो एकदाचा! सटाण्यापासून एसटीत उभा आलो, तरी मूड एकदम कडक. सिडकोतलं हे दोन खोल्यांचं घर महिनाभर माझ्या एकट्याच्या ताब्यात. किल्ली खिशात, विचारणारं कोणी नाय.

सावळीराममामाने स्वतः फोन करून बोलावलं. म्हणे, आयुष, तू मोबाईलवर ते घर सजवायचे व्हिडिओ बघत बसतोस ना, मग हे घर जरा आजच्या जमान्याचं करून दे. कमी खर्चात कर, पण तुझ्या आवडीने कर, तुझंच घर समज. तुझंच घर म्हणे! मी फोनवर लय गोड हो हो केलं. फोन ठेवून मनालीला सांगितलं, बघ, बकरा चालत आलाय. मनाली माझी धाकटी बहीण. ती नुसती हसली. आजकाल मामाचं नाव निघालं की ती अशीच हसते.

घर आजोबांचं. अंबडच्या कंपनीत लेथवर उभं राहून राहून बांधलेलं. ते गेल्यावर मामाने आईला बोलावलं. बहिणीने हक्क सोडला की माहेर टिकतं, असं सगळेच म्हणतात. मामाने बोट ठेवलं तिथे आईने सही केली. मग ती आजारी पडली. नाशिकच्या दवाखान्यात ये-जा सोपी जाईल म्हणून थोडे दिवस इथे राहू दे म्हणाली, तर मामा म्हणे, घर रंगाला काढलंय. आज मी भिंती बघितल्या. हात लावला की पोपडे पडतात. ह्या घराला दहा वर्षांत रंग लागलेला नाय.

आई सटाण्यातच गेली, भाड्याच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून.

आता मामा रिटायर होऊन इथे राहायला येणार असेल. येऊ दे. घर दिसायला असं करतो की पाहुणे फोटो काढतील. आणि राहायला असं की मामाला एक दिवस धड बसता येणार नाय.

ही डायरी बुद्धभूषणने फुकट दिली. चौकात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, पोरगा दिलदार. म्हणे, सामान लिहून ठेव, नायतर रोज दहा चकरा मारशील. सामान कोण लिहितं? मी माझे कारनामे लिहिणार.

५ एप्रिल

ओल आलेल्या भिंतीवर पीव्हीसीचे पॅनल ठोकले. लाकडासारखे दिसतात, खिळा कुठे मारला तेही कळत नाय. बुद्धभूषण बघून गेला, म्हणे, भावा, तू तर कलाकार निघालास. त्याला हे नाय सांगितलं की पॅनलच्या मागे मूठभर सुके बोंबील सोडलेत. मामा माळकरी आहे. पावसाळ्यात ओल सुटली की शोधत बसेल, वास कुठून येतो ते.

बाथरूमच्या आरशावर साबणाच्या वडीने बोटाएवढी अक्षरं काढली आणि पुसून घेतली. आता काच साफ दिसते. गरम पाण्याची वाफ बसली की आईचं नाव उठेल. उज्वला. रोज सकाळी दाढी करताना वाच म्हणावं.

पुढच्या दाराच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घातले, दार किंचित कललं. कडी नसली की कोणी उंबऱ्याजवळ आल्याबरोबर नुसत्या पावलाच्या हादऱ्याने ते आपोआप, सावकाश, आतल्या बाजूला उघडतं. धक्का लागत नाय, आवाज नाय. स्वतः दहा वेळा करून बघितलं आणि दहाही वेळा एकटाच हसलो.

८ एप्रिल

ओट्याला संगमरवराचा स्टिकर लावला, एक फुगा नाय. सिंकचा पाईप फरशीखालून न्यायचा म्हणून कोपऱ्यातली फरशी उचलली. आग्नेयेचा कोपरा. खाली विटांचा छोटा खड्डा, त्यात सुकून काळा पडलेला नारळ, किडलेलं धान्य, आणि तांब्याचा बोटभर माणूस. पालथा झोपलेला.

बघितल्याबरोबर ओळखलं. वास्तुपुरुष. आजोबांनी वास्तुशांतीला पुरलेला. आई सांगायची, घरात वाईटसाईट बोलू नये रे, तो जमिनीखाली पडून सगळं ऐकतो आणि तथास्तु म्हणतो. आम्ही भांडलो की ती आधी जमिनीकडे बघायची आणि मग आम्हाला ओरडायची.

मला एक आयडिया आली. इतकी भारी की मीच उडी मारली. पुढच्या दाराचं आतलं हँडल तुटलेलंच होतं. त्या जागी एपॉक्सी लावून ह्यालाच बसवला, उभा, तोंड घराच्या आत. आता मामा रोज देवाच्या कमरेला धरून दार ओढणार.

घासल्यावर चेहरा दिसला. डोळे, नाक, आणि तोंडाच्या जागी बारीक फट. मॉडर्न दिसतं. असलं हँडल मोठ्या शोरूमला पण मिळणार नाय.

१० एप्रिल

एक गंमत झाली. दुपारी बाथरूमचा नळ टिपटिप करत होता. वैतागून म्हटलं, बंद हो ना बाबा एकदाचा. तर कोणीतरी हं म्हणालं.

मोठ्याने नाय. बुद्धभूषण गिऱ्हाइकाचं सामान ऐकताना मान खाली घालून म्हणतो ना, तसं. पुढे बोला, ऐकतोय, असं. आणि नळ बंद. थेंब नाय.

म्हटलं भास. मग गल्लीत भंगारवाला आला, भोंग्यावर तेच तेच रेकॉर्ड. दारापाशी जाऊन मुद्दाम म्हटलं, ह्याचा घसा बसू दे. परत हं. भोंगा अर्ध्या शब्दात मेला. भंगारवाला गाडी थांबवून वायरी हलवत बसला.

मी पोट धरून हसलो. आई, तुझं खरं होतं गं!

११ एप्रिल

सकाळभर विचार केला. एवढं मोठं हत्यार हातात आल्यावर बोंबील आणि साबण म्हणजे पोरखेळ.

आंघोळ केली. आरशात आईचं नाव उठलं होतं, ते पुसलं नाय. दारासमोर उभा राहिलो, त्या तांब्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि एकेक शब्द सुटा सुटा म्हटला. माझ्या आईला ह्या घराने आत घेतलं नाय. आता ह्या घराचा जो मालक असेल, त्याने आत पाय टाकला की त्याला परत बाहेर सोडू नको. उंबरा ओलांडू देऊ नको. इथेच राहू दे त्याला, मरेपर्यंत.

मग हं. ह्या वेळी लांबलेला, आवडलं असल्यासारखा.

दिवसभर अंगात गार गार वाटत होतं. छान गार.

१२ एप्रिल

घरातच होतो. किचनच्या ट्रॉलीला सनमायका लावायचं होतं. उन्हाने डोकं फिरलेलं, कटर सरकत नव्हता. तोंडातून निघून गेलं, अंगठा गेला तरी चालेल पण आज हे संपवणार.

हं.

कटर मी हलवला नाय. खरंच नाय हलवला. डाव्या अंगठ्याचं पुढचं पेर लोंबायला लागलं. सनमायका मात्र अगदी सरळ कापलं गेलंय, काम संपलं.

वायरिंगची टेप गुंडाळली. दाराकडे बघितलं. ते तोंड कालपेक्षा उघडं आहे. आधी फट होती, आता तांदळाचा दाणा जाईल.

मला भीती वाटली, लिहितो. ह्याचं तोंड बंद केलं पाहिजे. घरात काय काय बोलतो माणूस दिवसभर! एपॉक्सी पुट्टीचे दोन गोळे उजव्या हाताने मळून एक केले आणि त्याच्या तोंडात कोंबले. वरून चेहराही लिंपून टाकला. दोन तासांत दगड झाला. आता बोल म्हटलं.



मग डॉक्टरकडे जायला निघालो. दार उघडलं, उंबऱ्यावरून पाय टाकला.

ओट्यासमोर उभा होतो.

परत गेलो. परत ओटा. मागच्या दारानेही तेच. दार सताड उघडं, समोर रस्ता, ऊन, लिंबाखाली उभी रिक्षा, सगळं दिसतं. पाय टाकला की ओटा, संगमरवराचा स्टिकर, आणि त्यात माझं तोंड.

काहीतरी चुकतंय. मालकाला म्हटलं होतं मी. मालकाला.

१३ एप्रिल

मनालीला फोन लावला. विचारलं, घर कोणाच्या नावावर आहे. ती किंचाळलीच, म्हणे, दादा, तुला कोणी सांगितलं, सरप्राईज होतं!

मग सगळं बोलली. आई गेल्यापासून मामाला जेवण गोड लागत नव्हतं म्हणे. मागच्या महिन्यात त्याने घर माझ्या आणि तिच्या नावावर केलं. मामाच्या कसल्याशा कागदाला साक्षीदार म्हणून मला रजिस्ट्रीला नेलं होतं, तेव्हाच. म्हणे, सरळ सांगितलं असतं तर तू मामाच्या तोंडावर कागद फेकले असतेस, म्हणून नाय सांगितलं. आठवलं मला. कॅमेऱ्यासमोर डोळे तिरळे करून फोटो दिला होता. अंगठे दिले होते. मामा बोट ठेवेल तिथे सही केली होती, एक अक्षर न वाचता. आईसारखीच.

म्हणे, तुझ्या आवडीने कर म्हणाला ना मामा? तुझंच होतं रे, वेड्या.

आमच्या दोघांचं. मी तिला म्हटलं, इकडे येऊ नको. नीट बोलता येईना, जबडा जड झालाय. तिला वाटलं मी खात खात बोलतोय. म्हणे, येणार म्हणजे येणारच, परवा मामाबरोबर, पेढे घेऊन.

तोंडात पुट्टीचा वास आहे. चूळ भरली तरी जात नाय.

१४ एप्रिल

दाराशी बसून छिन्नीने पुट्टी फोडतोय. त्याचं तोंड मोकळं झालं पाहिजे. तरच उलटं मागता येईल — सोड म्हणता येईल. दुसरा रस्ताच नाय.

फुटत नाय. छिन्नीचा घाव बसला की माझे दात दुखतात. जोरात मारला, तर माझ्या हिरडीतून रक्त.

आतून येतो आवाज. कोंडलेला. हं नाय तो — काहीतरी सांगायचंय त्याला आणि जमत नाय.

बुद्धभूषणला मेसेज केला. आज जयंती, दुकान बंद, तो मिरवणुकीत. त्याने निळ्या झेंड्याचा फोटो पाठवला आणि एक अंगठा.

मामाचा विचार करतोय. तो मालक नाय. तो आत येईल, पंख्याखाली बसेल, चहा घेईल, घर छान केलंस म्हणेल — आणि चप्पल घालून निघून जाईल. मनाली नाय जाणार.

१५ एप्रिल, सकाळ

तोंड उघडत नाय. ओठांच्या फटीतून बोट घातलं. जीभ लागत नाय, गुळगुळीत, गार, भरलेलं.

मनालीला मेसेज केला, आत पाय टाकू नको, आईची शपथ. तिने हसणारी तोंडं पाठवली. मागे मला साप चावला असा खोटाच मेसेज मी तिला केला होता. आणि अपघाताचा. आणि माझ्याच तेराव्याचं आमंत्रण.

कडी लावली होती. आत्ता बघितलं तर कडी गळून खाली पडलीय. परत लावायला गेलो — ओटा. आता दाराजवळही जाऊ देत नाय. फक्त खिडकीपर्यंत.

दुपार

रिक्षा थांबली. मनाली. नवा ड्रेस. मामा मागे पेढ्यांचा बॉक्स घेऊन, पैसे देतोय.

पानावर मोठ्ठं लिहून खिडकीला धरलं. आत येऊ नको.

तिने वाचलं. हसतेय. मोबाईल काढला — शूट करतेय मला — मामाला दाखवतेय, बघा ना ह्याची नाटकं. मामा पण हसतोय, डोळे पुसतोय —

काचेवर डोकं आपटतोय मी. ती टाळ्या वाजवतेय.

पायरीवर आली. आता तरी थांब. मने —

दार. दार मीच बसवलंय. धक्का लागत नाय, आवाज नाय, उंबऱ्याजवळ आलं की आपोआप, सावकाश उघ