चंद्र, सूर्य आणि माझी मान

कोंपोंग छ्नांग,
५ फेब्रुवारी २०१८

प्रिय फल्लीताईस,
तेवीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. तळ्याचं पाणी ओसरलं, मासळी बरी मिळते आहे. ह्यांची कंबर दुखते, पण जेवायला बसताना अजिबात दुखत नाही.

तुझी खुशाली विचारत नाही, कारण मला ती कळते. नदीपलीकडून येणाऱ्या प्रत्येक बाईला मी गाठते.

तीन वर्षांपूर्वी मासळी खारवून ठेवलेला आपला प्रहोकचा रांजण किडला, तेव्हा मी सगळ्या आळीसमोर म्हटलं, "ताईच्या पायांनी मासळी तुडवली, म्हणून नासली." तू म्हणालीस, "माझे पाय बरे आहेत, तू जीभ आवर." मग मला चेव चढला. विहाराकडे हात जोडून शपथ घेतली, "चंद्र-सूर्य एका आभाळात दिसतील तेव्हाच हिच्याशी बोलेन!" मला वाटलं, केवढी भयंकर शपथ घेतली.

चौथ्या दिवशी सकाळी दोघेही वर हजर.
"अगं, वर बघ," हे म्हणाले.
"मी कशाला बघू? माझे मासे का वर वाळत पडलेत?"

तेव्हापासून रुंद काठाची टोपी घालते आणि महिन्यातले कितीतरी दिवस मान खाली घालून फिरते. लोकांना वाटलं, तेवी फार विनयशील झाली. एका सासूने तर सुनेला माझं उदाहरण दिलं.

आज भंते भिक्षेला आले. म्हणाले, "तेवी, मान आखडली का?"
"नाही, भंते."
"मग शपथ कशाला धरून बसलीस? बघ वर."
त्यांच्यासमोर टाळाटाळ कशी करू? ताडांवर सूर्य होता, पश्चिमेला फिकट चंद्र. मला रडूच कोसळलं. निम्मा भात पात्राबाहेर सांडला.

खरं सांगते. मीठ घालायचं काम माझं होतं. अर्धं घातलं, गप्पांत बसले आणि उरलेलं विसरले. तुझ्या पायांचा काही दोष नव्हता. ताई, मला तुझी फार आठवण येते.

पण एक विचारू? आभाळ तुझ्याकडेही तेच आहे ना? मग तू का नाही हाक मारलीस? चिडू नकोस, नुसतं विचारते.

टपालाला चार दिवस लागतात, म्हणून पत्र मीच घेऊन आले. खांबांवर उभ्या तुझ्या घराखाली बसून या ओळी लिहिते आहे. कुत्रं भुंकतंय. आत्ताच तू ओरडलीस, "कोण आहे गं खाली?" तुझा आवाज जरा बसलाय. उत्तर म्हणून हा कागद तुझ्या घराच्या बांबूच्या जमिनीतल्या फटीतून वर सरकवते. वाचलंस की एवढंच म्हण, "ये वर."

तुझीच, जिन्याखालची
तेवी