गौरीचा पडदा आणि उडता सरडा

रवि., २४ ऑगस्ट
मुलुंडहून बोरिवलीला जाऊन आले. दादा खिडकीपाशी बसलेला. होळीच्या सुमारास अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात लुळा आणि तोंडातून नुसतं 'हं'. वहिनी म्हणाली, "डॉक्टर म्हणतात शब्द आत आहेत गं, काहीतरी निमित्त लागेल." जन्मभर ज्याने समोरच्याला वाक्य पुरं करू दिलं नाही, तो असा गप्प. आमचं शेवटचं भांडण होऊन गेलं की काय, अशी भीती वाटते.

मंगळ., २६ ऑगस्ट
परत बोरिवली. उद्या गणपती. माळ्यावरून मखराचं सामान काढलं, त्यात तो निघाला. उडता सरडा. बांबूच्या कामट्या, जुना पडदा, चोच पुठ्ठ्याची. एका पंखाला कसर लागली आहे. दादाला दाखवला, तर बघत राहिला फक्त.

घाटकोपरच्या चाळीतलं ते वर्ष. दादा नववीत, मी सातवीत. सजावटीला डोंगर-झरा नको म्हणाला, टेरोसॉर करायचा, डायनासोरांच्या काळातला उडता सरडा. बाबा मिलमधून आले, म्हणाले, "बाप्पासमोर हा सरडा कशाला?" दादा : "सरडा नाही बाबा, सगळ्या पक्ष्यांचा खापरपणजोबा." मी : "खोटं. पक्षी जमिनीवर पळणाऱ्या डायनासोरपासून झाले. हा लांबचा नातेवाईक." तिथून सुरू झालं ते सुरूच.

खरी गंमत गौरीच्या दिवशी. आमच्याकडे गौरीला कोंबडी-वड्यांचा नैवेद्य असतो. तेवढा वेळ मध्ये पडदा लावायचा, गणपतीला दिसू नये म्हणून. आईने ट्रंक उघडली, तर पडदा नाही. त्याचेच पंख झालेले. "मेल्या, पडदो खंय? आता गौरीक कोंबडी कशी दाखवू? गणपती बघतलो ना." शेवटी सरड्यालाच पंख पसरून मध्ये टांगला. तेव्हापासून दर वर्षी तोच. आई गेली, चाळ गेली, पडदा तोच राहिला.

शुक्र., २९ ऑगस्ट
सरडा घरी आणलाय, त्याच्या पंखाला ठिगळ लावलं. लावता लावता सगळे मुद्दे आठवत होते. माझे : उडत्या सरड्याचा पंख करंगळीशेजारच्या एकाच लांबलचक बोटावर ताणलेला, पक्ष्याची पिसं अख्ख्या हातावर. शिवाय कोंबडीच्या छातीतलं बेचकीचं हाड, तेही पळणाऱ्या डायनासोरांत सापडतं. दादाचा मुद्दा एकच : जो उडतो त्याचीच पोरं उडणार. मी म्हणायचे, मग वटवाघूळ कोणाचं पोर? त्यावर "तू गप गं." पुढे चीनमध्ये पिसांचे डायनासोर सापडले, मी कात्रण घेऊन धावत गेले, तर म्हणाला, "चीनचा माल, काय भरवसा." बँकेत ऑफिसर झालेला माणूस. किती हसलो होतो. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण असा हट्टी विद्यार्थी पुन्हा मिळाला नाही.

सोम., १ सप्टें.
गौरीपूजन. सरडा मी टांगला. नैवेद्य झाला, पानं वाढली. बेचकीचं हाड वाद जिंकेल त्याचं, आणि मोठा म्हणून दर वर्षी दादाच जिंकायचा. आज मीच ते शोधून त्याच्या पानात ठेवलं. म्हटलं, "दादा, तूच बरोबर होतास. पक्षी उडत्या सरड्यांपासूनच झाले." वाटलं, खूश होईल.

त्याने घास खाली ठेवला. डाव्या हाताने हाड उचललं, माझ्या पानात टाकलं. मी परत ठेवलं. त्याने परत टाकलं. चेहरा लाल, गळ्याची शीर ताठ. मग : "ना... ही."

वहिनीच्या हातातला वडा तसाच राहिला. मी रडले. सगळ्यांसमोर रडले. तो रागावला होता माझ्यावर, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मंगळ., २ सप्टें.
विसर्जन करून मुलुंडला परत. सरडा दादाच्या खोलीतच राहू दिला, माळ्यावर नाही.

शुक्र., ५ सप्टें.
वहिनीचा फोन. "अगं, हे कालपासून लुळ्या हाताचं एकच बोट धरून ओढतायत. करंगळीशेजारचं. अंगठी हवी का विचारलं, तर डोकं हलवतात आणि त्या तुमच्या पडद्याकडे बघतात. दुखत असेल का गं?"

म्हटलं, दुखत नाहीये, वहिनी. तो माझा मुद्दा आहे.

म्हणजे ठाऊक होतं त्याला. कधीपासून? आणि मग इतकी वर्षं माझ्याशी भांडत का राहिला?

रविवारी जाणार. तो माझ्या बाजूने असेल तर त्याची बाजू आता मला घ्यावी लागेल, नाहीतर वाद संपेल. तो संपू द्यायचा नाही. चीनच्या मालापासून सुरुवात करते. वटवाघळाचं उत्तर मात्र अजून सुचत नाही.