क्युअर, केअर आणि अप्पांच्या गोळ्या

३ फेब्रु., मंगळ.
अप्पांना घेऊन न्यूरोवाल्यांकडे. कंपवातच. डॉ. सगळा वेळ माझ्याकडे बघून बोलले, जणू माझे वडील त्या खुर्चीत नव्हतेच. म्हणे, इसका क्युअर नहीं है, केअर है. टॅक्सीत अप्पा म्हणाले, वाक्य पाठ केलेलं होतं. गोळ्या दिवसातून तीनदा, जेवणाआधी अर्धा तास. चुकवायच्या नाहीत.

५ फेब्रु., गुरु.
सांगलीत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस इथे परमुलखात माझ्या घरी येऊन बसला की असं होतं. दिवसभर मोठा शब्दकोश मांडीवर. उजवा हात थरथरतो म्हणून भिंग डाव्या हातात. मला बांधकामाच्या साइटवर त्यांचे दोन फोन. पहिला: क्युअर मूळ लॅटिन ‘कूरा’, अर्थ काळजी, देखभाल, बरं करणं हा अर्थ मागाहून चिकटला. दुसरा: केअरचा क्युअरशी काडीचा संबंध नाही, ती वेगळ्याच घरची, आणि मुळात तिचा अर्थ शोक.
“म्हणजे जुन्या अर्थाने डॉक्टर काय म्हणाला? तुमच्याकडे बघणार कोणी नाही, रडतील मात्र सगळे.”
दुपारची गोळी घेतली का, विचारलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

९ फेब्रु., सोम.
हावड्याच्या साइटवरचा स्लॅब शनिवारी ओतला. आज बघते तर तो ओला राहावा म्हणून वर टाकलेली पोती कोरडी ठणठणीत. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस रविवारी पाणी मारायला आलाच नाही. केसाएवढ्या चिरा. ओरडून घसा बसला. घरी येऊन सांगितलं, क्युरिंग बिघडलं. अप्पा एकदम खुलले. तुम्हा इंजिनिअरांकडे मूळ अर्थ शिल्लक आहे म्हणाले, स्लॅबला कोणी औषध देत नाही, त्याच्याकडे लक्ष ठेवतात. मला भूक लागली होती.

१२ फेब्रु., गुरु.
स्वयंपाकघराच्या दारात अप्पांचं पाऊल उचलेना. चांगली पाच मिनिटं. गोळ्या चालू असताना हे कसं, म्हणून पाकीट काढून मोजल्या. शनिवारपासून एकही कमी नाही!
मग कळलं. मी स्लॅबवर असताना शेजारचे मुखर्जीकाका त्यांना ट्रेनने बराकपूरला घेऊन गेले होते. तिथे कोणी वैद्य. त्याने कागदाच्या पुड्या दिल्या, गोळ्या बंद करायला सांगितलं आणि ‘फुल क्युअर’ असं लिहून दिलं. मुलांच्या वह्यांत एक चुकलेलं स्पेलिंग न सोडणारे माझे वडील, आणि हे.
“अप्पा, या शब्दाचा अर्थ तुम्हाला माहीत आहे ना?”
“म्हणून तर गेलो. चाळीस मिनिटं माझ्याशी बोलला तो, मधू. झोप कशी लागते, हात कधीपासून. तुझ्या डॉक्टरने माझं नावही फाइलीत बघून वाचलं.”
पुड्या कपाटात, कुलूप. मुखर्जीकाका संदेश मिठाई घेऊन आले होते, त्यांच्यावर सगळा राग काढला. डॉ.च्या सहायकाशी मी फोनवर बोलले: गोळ्या लगेच सुरू, सोमवारी घेऊन या.

१४ फेब्रु., शनि.
समोर उभी राहून गोळी देते. घेतात, तोंड उघडून दाखवतात, शाळेतल्या मुलासारखं. शब्दकोश मिटलेला. काकांची माफी मागायला हवी, पण आज नाही.

१५ फेब्रु., रवि.
सकाळी पुड्या परत मागितल्या. गोळ्याही घेईन, पुड्याही, म्हणाले. नाही म्हटलं. मग तासभर जुंपली. मी काय काय बोलले, इथे लिहीत नाही. संध्याकाळी तेच येऊन टेबलाशी बसले.
“मधू, हे बरं होणारं नाही ते मला कळलंय. किती वर्षं जमेल तुला?”
माहीत नाही, म्हटलं. खोटं सुचलंच नाही.
ते दोन्ही हातांनी पेला धरून, गोळीसाठी मी ठेवलेलं सगळं पाणी प्यायले.
गोळी अजून बशीतच आहे.